विनोदी रंगभूमी ते आत्मकथन : सुनीता देशपांडे यांच्या वाटचालीचा विचार

मराठीत अभिनेत्रींच्या आत्मपर लेखनाला मोठी परंपरा आहे. शांता आपटे यांचे ‘जाऊ मी सिनेमात?’ १९४० साली प्रसिद्ध झाले. हंसा वाडकर यांचे ‘सांगत्ये ऐका’ १९७० साली ग्रंथरूपाने आले. सुनीता देशपांडे यांचे ‘आहे मनोहर तरी’ (मौज प्रकाशन, १९९०) मात्र या मालिकेत सहसा ठेवले जात नाही. ते पु. ल. देशपांडे यांच्या पत्नीचे पुस्तक म्हणून वाचले गेले. त्यामुळे त्यातील रंगभूमीच्या इतिहासाचा ऐवज दुर्लक्षित राहिला, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

बेचाळीसच्या चळवळीत भाग घेतलेल्या सुनीताबाई मुंबईच्या ओरिएंट हायस्कूलमध्ये शिक्षिका होत्या. पु.ल.ही तेथेच शिकवीत. १२ जून १९४६ रोजी त्यांचा नोंदणी पद्धतीने विवाह झाला. राम गबाले दिग्दर्शित ‘वंदे मातरम्’ (१९४८) या चित्रपटात दोघांनी भूमिका केल्या. पुढे ‘सुंदर मी होणार’सारखे गंभीर वळणाचे नाटक त्यांच्या वाट्यास आले. तथापि, प्रेक्षकांशी त्यांचे नाते जुळले ते मुख्यत्वे साठच्या दशकातील ‘वाऱ्यावरची वरात’मुळे.

‘वरात’ हा सैलसर बांधणीचा, अनेक पात्रांचा विनोदी कार्यक्रम होता. असा प्रयोग पाहताना सारे काही उत्स्फूर्तपणे घडत आहे असे वाटते. प्रत्यक्षात विनोदाला काटेकोर वेळ लागते. प्रवेश क्षणभर लांबला की हशा विरतो. सुनीताबाई रंगमंचावर होत्याच, शिवाय प्रयोगांची आखणी, व्यवहार, हिशेब आणि शिस्त यांचा भारही त्यांच्याकडे होता. हे श्रम जाहिरातीत दिसत नाहीत. नाट्येतिहासाच्या ग्रंथांतही ते क्वचितच नोंदले जातात. या प्रयोगांच्या व लेखनाच्या प्राप्तीतून पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानचे कार्य उभे राहिले. १९८६ साली पुण्यात सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रालाही या दाम्पत्याने एक लाख रुपयांचे साहाय्य केले. विनोदाच्या अर्थकारणाचा अभ्यास कोणी हाती घेतल्यास या हिशेबांपासून आरंभ करावा लागेल.

रूढ अर्थाने सुनीताबाई सभा गाजविणाऱ्या वक्त्या नव्हत्या. त्यांचे जाहीर बोलणे कवितेच्या आश्रयाने झाले. बा. भ. बोरकर आणि बा. सी. मर्ढेकर यांच्या कवितांच्या वाचनाचे कार्यक्रम त्यांनी पु.लं.समवेत केले. मर्ढेकरांची कविता वर्गात शिकविताना जी दमछाक होते ती आपणां सर्वांच्या परिचयाची आहे; तीच कविता सभागृहात केवळ आवाजाच्या बळावर श्रोत्यांपर्यंत पोहोचविणे सोपे नव्हते. अभिनयातून आलेली विरामाची जाण येथे उपयोगी पडली असावी.

‘आहे मनोहर तरी’ कालक्रमाने सांगितलेले नाही. आठवणीतून आठवण निघते, सालांचे उल्लेख विरळ आहेत. इतिहासाच्या अभ्यासकाला ही अडचण वाटेल. परंतु घरातील व रंगमंचामागील श्रमविभागणीचा इतका बारीक तपशील अन्य साधनांतून हाती लागणे कठीण. पुस्तक आले तेव्हा अनेक वाचक दुखावले. लाडक्या विनोदकाराच्या घरी अष्टौप्रहर हशाच पिकत असेल, ही त्यांची समजूत होती. टीकाकारांनी त्यात पतीविषयीची तक्रार तेवढी पाहिली. वस्तुतः लेखिका स्वतःलाही त्याच कठोरपणे तपासते. गौरी देशपांडे यांनी केलेला या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद १९९५ साली प्रसिद्ध झाला.

पुढील काळात ‘सोयरे सकळ’ हे व्यक्तिचित्रणपर पुस्तक आले. त्यानंतरचे ‘प्रिय जी.ए.’ (२००३) विशेष महत्त्वाचे. जी. ए. कुलकर्णी यांनी सुनीताबाईंना लिहिलेली पत्रे त्यांच्या निवडक पत्रांच्या पहिल्या खंडात आधीच आली होती. आता दुसरी बाजूही उपलब्ध झाली. मंचावर हशा पिकविणाऱ्या कार्यक्रमाचा भार वाहणारी ही स्त्री खासगीत काय वाचीत होती आणि कशावर वाद घालीत होती, हे पाहावयाचे असल्यास दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचावी लागतात.