पहिलं पिस्तूल कोणतं घ्यावं? नवशिक्यांसाठी कायदा, तंत्र आणि एअर पिस्तूल निवडण्याची सोपी माहिती

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मनू भाकरने १० मीटर एअर पिस्तूलमध्ये कांस्यपदक जिंकलं, मग सरबज्योत सिंगसोबत मिश्र गटात दुसरं. त्याच आठवड्यात आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने रायफलमध्ये पदक आणलं. तेव्हापासून मला सारखा एकच प्रश्न येतो: "दादा, सुरुवातीला कोणतं पिस्तूल घेऊ?"

मी भंडाऱ्यातून लिहितोय. हा प्रश्न विचारणारे दोन प्रकारचे असतात. एकाला नेमबाजी शिकायची असते. दुसऱ्याला रीलसाठी हातात काहीतरी धरायचं असतं. पहिल्यासाठी हा लेख मार्गदर्शक आहे. दुसऱ्याने निदान कायद्याचा भाग तरी पूर्ण वाचावा, कारण तिथे चूक झाली तर नुसता फोन जप्त होऊन प्रकरण थांबत नाही.

आधी समजून घ्या: पिस्तूल म्हणजे नेमकं कोणतं?

बोलताना आपण सगळ्यालाच "पिस्तूल" म्हणतो. कायद्याच्या आणि तंत्राच्या नजरेतून मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

१) बारुदावर चालणारं पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर. यात काडतूस असतं. बारूद जळून गॅस तयार होतो आणि तो गोळीला ढकलतो. याला शस्त्र कायदा १९५९ पूर्ण लागू होतो. परवान्याशिवाय हे जवळ ठेवणंच गुन्हा आहे.

२) एअर पिस्तूल. यात बारूद नसतो. दाबलेली हवा, कार्बन डायऑक्साइड किंवा स्प्रिंग शिशाच्या छोट्या छर्‍याला ढकलते. शस्त्र नियम २०१६ नुसार ०.१७७ इंच, म्हणजे ४.५ मिलिमीटर कॅलिबरच्या आणि २० जूलपेक्षा जास्त ऊर्जा नसलेल्या हवाई शस्त्राला परवाना लागत नाही.

हे २० जूल म्हणजे किती? शाळेतलं सूत्र आठवा: अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. स्पर्धेतला छर्रा साधारण अर्ध्या ग्रॅमचा असतो आणि सेकंदाला १५० मीटरच्या आसपास वेगाने निघतो. गणित केलं तर उत्तर साडेपाच जूलच्या थोडं वर येतं. म्हणजे ऑलिंपिकचं एअर पिस्तूलसुद्धा मर्यादेच्या बरंच आत आहे. पण म्हणून ते खेळणं नाही. डोळ्यात छर्रा गेला तर डोळा जातो.

परवान्याचं पिस्तूल: स्वप्न आणि वास्तव

"मला .३२ चं घ्यायचंय" म्हणणाऱ्यांसाठी थोडक्यात:

• वय २१ पूर्ण नसेल तर स्वतःच्या नावावर परवाना मिळत नाही. त्याआधी मान्यताप्राप्त क्लबमध्ये, देखरेखीखाली प्रशिक्षण घेता येतं.

• ९ मिलिमीटर हे आपल्याकडे प्रतिबंधित बोअर आहे. गेममध्ये किंवा वेबसीरिजमध्ये दिसणारी बहुतेक पिस्तुलं याच गटातली. सामान्य माणसाला मिळू शकतं ते अप्रतिबंधित, उदा. .३२ किंवा .२२ बोअर. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं २०१४ चं "निर्भीक" आणि २०२३ चं "प्रबल" ही दोन्ही .३२ ची रिव्हॉल्व्हरं आहेत.

• अर्ज एनडीएएल-एएलआयएस या केंद्र सरकारच्या पोर्टलवर करायचा. भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात परवाना देणारे अधिकारी म्हणजे जिल्हादंडाधिकारी, अर्थात आपले जिल्हाधिकारी. पोलिसांकडून चौकशी होते. शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आणि घरी ते कुलपात ठेवण्याची हमी द्यावी लागते. परवाना का हवा, याचं खरं कारण दाखवावं लागतं. "आवड आहे" हे स्वसंरक्षणाचं कारण होत नाही.

• २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना ५ वर्षांसाठी असतो आणि एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन बंदुका ठेवता येतात. निवडणूक आली की बहुतेकांना शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करावं लागतं.

आता आमच्याकडचा एक खास गैरसमज. जवाहरनगरला आयुध निर्माणी आहे, म्हणून काही जणांना वाटतं की ओळखीने तिथून पिस्तूल स्वस्तात मिळेल. मित्रांनो, तिथे पिस्तुलं बनतच नाहीत. भंडारा आयुध निर्माणीत प्रोपेलंट आणि स्फोटकं तयार होतात, म्हणजे गोळी आणि तोफगोळा ढकलणारा माल. २०२१ पासून ती म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीत आहे. २४ जानेवारी २०२५ ला तिथे झालेल्या स्फोटात किमान ८ कामगारांचा जीव गेला. बारूद हा किती गंभीर विषय आहे, हे आपल्या जिल्ह्याला वेगळं सांगायची गरज नाही.

रील, गावठी कट्टा आणि टेलिग्रामवरचा "डीलर"

हा भाग छोटा आहे, पण सगळ्यात महत्त्वाचा.

• गावठी कट्टा जवळ सापडला तर विनापरवाना शस्त्राची शिक्षा २ ते ५ वर्षं कैद आणि दंड. कट्टा हातात धरून टाकलेला फोटो हा पोलिसांसाठी तयार पुरावा असतो. नंतर पोस्ट डिलीट करून उपयोग नाही, कारण तोवर स्क्रीनशॉट फिरलेला असतो.

• कट्ट्याच्या नळीचं पोलाद कोणीही तपासलेलं नसतं. तो समोरच्याआधी धरणाऱ्याच्या हातात फुटू शकतो.

• मामाजींचं परवान्याचं रिव्हॉल्व्हर घेऊन व्हिडिओ काढणं म्हणजे दोघांनाही अडचणीत टाकणं. परवाना त्यांच्या नावावर आहे, तुमच्या नाही.

• वरातीत हवेत गोळीबार केला तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वर गेलेली गोळी खाली येतेच.

• टेलिग्राम, इन्स्टाग्रामवर "होम डिलिव्हरी, आधी टोकन भरा" म्हणणाऱ्याला यूपीआय करू नका. पैसे गेले तर तक्रार कशाची करणार? आणि माल खरंच आला तर त्याहून मोठं संकट.

मग सुरुवात कशाने करायची? १० मीटर एअर पिस्तूल

खरं शिकायचं असेल तर रस्ता हाच आहे. भारतातले मोठे पिस्तूल नेमबाज याच मार्गाने आलेत. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण जिंकलं. तो प्रकार .२२ चा. पण पाया एअर पिस्तुलावरच पक्का होतो.

खेळ समजून घ्या. लक्ष्य १० मीटरवर. मधला दहा गुणांचा गोल ११.५ मिलिमीटरचा, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढा. एका हाताने, उभं राहून ६० शॉट मारायचे. इलेक्ट्रॉनिक लक्ष्यावर वेळ ७५ मिनिटं.

आता गंमत बघा. पिस्तुलावरच्या पुढच्या आणि मागच्या साइटमधलं अंतर साधारण ३२० मिलिमीटर धरा. पुढची साइट फक्त १ मिलिमीटर सरकली, तर १० मीटरवर छर्रा सुमारे ३१ मिलिमीटर बाजूला जातो. म्हणजे थेट काळ्या गोलाच्या काठावर! म्हणून हा खेळ ताकदीचा नाही. स्थिर हाताचा आणि ट्रिगर हळू दाबण्याचा आहे.

एअर पिस्तूलचे प्रकार

*स्प्रिंगचं:* नळी मोडून स्प्रिंग ताणायची. दर शॉटला हेच. स्वस्त आणि सोपं, पण स्प्रिंग सुटताना हातात झटका बसतो. अचूकता शिकायला फारसं योग्य नाही.

*कार्बन डायऑक्साइडचं:* छोटी गॅसची नळकांडी लागते. झटका कमी. अडचण तापमानाची. २० अंशाला या गॅसचा दाब साधारण ५७ बार असतो आणि उष्णता वाढली की तोही वाढतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. सकाळी आणि दुपारी छर्रा वेगवेगळ्या ठिकाणी लागला तर नेम चुकला की गॅस बदलला, हे नवशिक्याला कळत नाही.

*एका दाबात हवा भरणारं:* दर शॉटआधी लिव्हर ओढून हवा भरायची. दाब दर वेळी जवळपास सारखा. सिलिंडरची कटकट नाही. हात मात्र दमतो.

*आधी हवा भरलेलं, म्हणजे पीसीपी:* साधारण २०० बारपर्यंत हवा भरलेला सिलिंडर असतो. रेग्युलेटर प्रत्येक शॉटला मोजून हवा सोडतो. झटका जवळजवळ नाही. मोरिनी, स्टायर, वॉल्टर, पार्डिनी, फाइनवेर्कबाऊ या स्पर्धेतल्या कंपन्या याच तंत्रावर आहेत. किंमत लाखाच्या पुढे जाते. सिलिंडरला १० वर्षांची मुदत असते, म्हणून जुनं पिस्तूल घेताना त्यावरची तारीख आधी बघा.

निवडताना या सहा गोष्टी तपासा

१) मूठ. सगळ्यात महत्त्वाचं हेच. लाकडी मूठ हातात घट्ट पण आरामात बसली पाहिजे. छोटी, मध्यम, मोठी असे आकार असतात. डावखुऱ्यांसाठी मूठ वेगळी. डोळे मिटून पिस्तूल उचला आणि उघडून बघा. साइट जवळपास सरळ दिसल्या तर मूठ तुमची.

२) वजन. नियमाने कमाल १५०० ग्रॅम चालतं. बहुतेक पिस्तुलं एक किलोच्या आसपास असतात. १४-१५ वर्षांच्या मुलामुलींनी हलकं किंवा छोट्या सिलिंडरचं बघावं.

३) ट्रिगर. स्पर्धेत किमान ५०० ग्रॅम वजन उचलणारा ट्रिगर लागतो. तो मागेपुढे आणि वजनात ॲडजस्ट होतो का ते विचारा. मेकॅनिकल की इलेक्ट्रॉनिक? सुरुवातीला मेकॅनिकल बरा, दुरुस्ती सोपी असते.

४) साइट. मागची साइट वर-खाली आणि डावी-उजवी हलली पाहिजे, खाचेची रुंदीही बदलता आली तर उत्तम. लेझर आणि लाल ठिपका स्पर्धेत चालत नाही.

५) सर्व्हिस आणि सुटे भाग. टोकियो ऑलिंपिकमध्ये मनू भाकरचं पिस्तूल ऐन फेरीत बिघडलं आणि मोलाची मिनिटं गेली. बिघाड मोठ्यांनाही गाठतो. सील आणि वॉशर कुठे मिळतात, हे विकत घेण्याआधी विचारा.

६) बिल. अधिकृत विक्रेता ओळखपत्र आणि पत्ता घेतो, बिल देतो. ते बिल फोनमध्ये स्कॅन करून ठेवा. प्रवासात पिस्तूल बंद पेटीतच ठेवा. रस्त्यावर बाहेर काढलं तर लांबून कोणालाच ते एअर पिस्तूल आहे हे कळत नाही, पोलिसांनाही नाही.

माझा स्पष्ट सल्ला

पहिले सहा महिने काहीच विकत घेऊ नका. आश्चर्य वाटलं? पण कारण साधं आहे. शिकण्याआधी तुमची मूठ, तुमचा ट्रिगर तुम्हालाच माहीत नसतो. नेमबाजी क्लबमध्ये सहसा क्लबचं पिस्तूल वापरायला मिळतं.

• भंडाऱ्यात जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन चौकशी करा. शालेय स्पर्धांमध्ये रायफल शूटिंग हा खेळ आहे, त्यामुळे प्रवेशिका आणि प्रशिक्षक यांची माहिती तिथून सुरू होते.

• कॉलेजमध्ये एनसीसी असेल तर नाव घाला. तिथे .२२ रायफलवर शिस्तीत नेमबाजी शिकवतात, तेही फुकट.

• मोठ्या रेंजसाठी आपल्याला नागपूर जवळ आहे. राज्यातली प्रसिद्ध रेंज पुण्याच्या बालेवाडीत आहे.

घरी काय करता येईल? पाण्याची अर्धा लिटरची भरलेली बाटली हात सरळ करून धरा, ३० सेकंद, मग विश्रांती. हळूहळू वजन वाढवा. फोन स्टँडवर लावून बाजूने स्लो मोशन व्हिडिओ काढा, खांदा वर चढतोय का ते दिसेल. रोजचे गुण नोट्समध्ये लिहा. आंतरराष्ट्रीय संघटना आयएसएसएफचं नियमपुस्तक त्यांच्या साइटवर मोफत आहे, तेही डाउनलोड करा.

सुरक्षेचे नियम

• प्रत्येक पिस्तूल भरलेलंच आहे असं समजा.
• नळी नेहमी लक्ष्याकडे. माणसाकडे कधीच नाही, गमतीतही नाही.
• नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरबाहेर.
• लक्ष्याच्या मागे काय आहे ते बघा. मागे छर्रा अडवणारी पेटी हवीच.
• डोळ्यांना संरक्षक चष्मा. छर्रे शिशाचे असतात, म्हणून सरावानंतर साबणाने हात धुवा, मगच खा.
• घरात लहान भावंडं असतील तर पिस्तूल कुलपात, छर्रे वेगळ्या जागी.

नेहमीचे प्रश्न

*एअर गनने पाखरं मारली तर चालतं का?*
अजिबात नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार ती शिकार ठरते. परवाना लागत नाही याचा अर्थ काहीही मारायची परवानगी आहे असा होत नाही. आपला जिल्हा तलावांचा. हिवाळ्यात पाहुणे पक्षी येतात, आणि कोका-नागझिऱ्याचं जंगल शेजारीच आहे. अरुणाचल प्रदेशात २०२१ मध्ये गावकऱ्यांनी स्वतःहून एअर गन जमा करण्याची मोहीम सुरू झाली, ती पाखरं वाचावीत म्हणूनच.

*धानाच्या शेतात रानडुक्कर येतं, एअर पिस्तूल उपयोगी पडेल का?*
नाही. डुक्कर फक्त जखमी होईल आणि चवताळून तुमच्यावरच येईल. नुकसानीचा पंचनामा आणि भरपाईसाठी वनविभागाकडे अर्ज करा.

*स्वसंरक्षणासाठी एअर पिस्तूल ठेवू का?*
नको. त्याने हल्लेखोर थांबत नाही. उलट समोरच्याला ते खरं वाटलं तर तोही तसाच वागेल. अडचणीत ११२ वर फोन करा.

*चष्मा आहे, नेमबाजी जमेल का?*
जमते. नेम धरताना नजर लक्ष्यावर नाही, पुढच्या साइटवर ठेवायची असते. डोळ्यांच्या डॉक्टरांना तेवढ्या अंतराचा नंबर विचारा.

थोडक्यात काय, तर पहिलं पिस्तूल क्लबचं, दुसरं तुमच्या मुठीत बसणारं एअर पिस्तूल आणि बारुदाचं खूप नंतर, तेही कायद्याने. काही शंका असेल तर खाली नक्की विचारा. आणि ज्या मित्राच्या डीपीवर कट्ट्याचा फोटो आहे, त्याला हा लेख आजच पाठवा.