निसर्गचित्रातील मानवाकृती : तैलरंगचित्रणाचे शिक्षण

खुल्या निसर्गाच्या परिसरात मानवाकृती तैलरंगांत रंगविण्याचा अभ्यास. आकृती व परिसर एकाच प्रकाशात आणि एकाच यथादर्शनात दिसावीत, ही या चित्रप्रकारातील मूलभूत समस्या होय. यूरोपीय कलाशिक्षणात आकृती व निसर्ग यांचा अभ्यास दीर्घकाळ वेगवेगळा होत असल्याने त्यांची सांगड घालण्याचे काम विद्यार्थ्यावरच पडे. एकोणिसाव्या शतकातील फ्रान्समध्ये हे विशेषत्वाने दिसते.

पॅरिसच्या राजकीय कला अकादमीच्या (स्थापना १६४८) परंपरेत रेखनाला अग्रस्थान होते. विद्यार्थी प्रथम मुद्राचित्रांवरून, नंतर प्लॅस्टरच्या प्रतिकृतींवरून व अखेरीस प्रत्यक्ष मॉडेलवरून रेखन करीत. या परंपरेचा वारसा सांगणाऱ्या ‘एकोल दे बोझार’मध्ये १८६३ च्या सुधारणांपूर्वी रंगकाम शिकविले जात नसे, ते चित्रकारांच्या खाजगी चित्रशाळांत शिकावे लागे. तेथील बंदिस्त, एका बाजूने येणाऱ्या प्रकाशात अंगावरील छाया तपकिरी व गडद दिसत. अशी आकृती निसर्गात जशीच्या तशी बसविल्यास ती उपरी भासे.

निसर्गाभ्यासाला प्येअर आंरी द व्हालांस्येन (१७५०–१८१९) याने शिस्त लावली. स्थळावरील तैल-अभ्यासचित्र जास्तीत जास्त दोन तासांत आणि सूर्योदय वा सूर्यास्ताचे अर्ध्या तासात संपवावे, असा त्याचा दंडक होता. कारण त्यानंतर छायांची दिशा पालटते. त्याच्या प्रभावामुळे १८१७ मध्ये ऐतिहासिक निसर्गचित्रासाठी ‘रोम पारितोषिक’ सुरू झाले. १८६३ मध्ये ते बंद झाले. त्याचा पहिला मानकरी मीशालाँ (१७९६–१८२२) हा कोरोचा (१७९६–१८७५) गुरू. कोरोने १८२६ मध्ये नार्नी येथील पुलाचे अभ्यासचित्र स्थळावर रंगविले. १८२७ च्या ‘सालाँ’ प्रदर्शनासाठी चित्रशाळेत केलेल्या मोठ्या चित्रात मात्र त्याने मेंढपाळांच्या आकृती घातल्या. निसर्ग बाहेर व आकृती आत, ही विभागणी येथे स्पष्ट होते.

अमेरिकन चित्रकार जॉन रँड (१८०१–७३) याने १८४१ मध्ये धातूच्या दाबनळीचे एकस्व घेतले. तोवर तयार तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत ठेवीत. ती फुटे व रंग सुकत. नळीमुळे बाहेर दीर्घकाळ काम करणे सुकर झाले.

क्लोद मॉने (१८४०–१९२६) याने १८६६ मध्ये ‘बागेतील स्त्रिया’ या चित्रात आकृतीही उघड्यावरच रंगविण्याचा प्रयोग केला. सुमारे अडीच मीटर उंचीच्या कापडाचा वरचा भाग रंगविताना दृष्टिकोन बदलू नये, म्हणून त्याने बागेत चर खणून चित्र त्यात खाली सोडण्याची सोय केली. त्याची सहचरी कामीय मॉडेल म्हणून बसली. पांढऱ्या वस्त्रावरील छाया येथे तपकिरी नसून निळसर आहे व झाडांतून आलेले ऊन वस्त्र आणि वाट यांवर सारखेच पडते. चित्राचा शेवटचा हात मात्र त्याला आत फिरवावा लागला.

‘सालाँ’च्या परीक्षकांनी १८६७ मध्ये हे चित्र नाकारले. मित्र बाझीय (१८४१–७०) याने ते २,५०० फ्रँकना हप्त्यांनी घेऊन मॉनेला आधार दिला. फ्रेंच शासनाने १९२१ मध्ये तेच चित्र २,००,००० फ्रँकना विकत घेतले. आकृती आधी व परिसर नंतर असा क्रम न ठेवता, दोहोंच्या रंगच्छटा परस्परांशी ताडून संपूर्ण पृष्ठभाग एकाच वेळी पुढे नेणे, हा या प्रयोगातून मिळणारा धडा होय.