जागा बदललेले घर

इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागात, एक्स नदीच्या काठी एक्सेटर हे जुने शहर आहे. तेथील सेंट मेरी स्टेप्स चर्चसमोर तळमजल्यावर दोन मजले असलेले एक अरुंद लाकडी घर उभे आहे. पंधराव्या शतकातले हे घर मुळात या जागी नव्हते. 1961 पर्यंत ते एडमंड स्ट्रीटच्या कोपऱ्यावर होते. इ. स. 1200 च्या सुमारास बांधलेल्या पुलावरून शहरात शिरणारी वाट ती हीच.

शहराच्या तटाबंदीत जागा मोजकी, म्हणून घरे वर वाढत. प्रत्येक मजला खालच्यापेक्षा थोडा पुढे काढत. आपल्या कडीपाटाच्या छतात जशा कड्या असतात, तशाच कड्या भिंतीबाहेर काढून त्यांवर वरची भिंत उभी करीत. मात्र कड्या एकाच दिशेने जातात आणि कोपऱ्यावरच्या घराला दोन बाजू पुढे काढायच्या असतात. त्यासाठी कोपऱ्याकडे एक जाड तिरपी तुळई टाकून दोन्हीकडच्या कड्या तिच्यात बसवत. इंग्रज सुतार तिला ड्रॅगन बीम म्हणतात.

अशा घरांचा सांगाडा सहसा ओल्या ओक लाकडाचा असे. एका लाकडाचे कुसू दुसऱ्याच्या खाचेत बसवून आरपार लाकडी खुंटी ठोकत. सुतार सगळे भाग आधी जमिनीवर जुळवून पाहत, पटाशीने त्यांवर खुणा करत आणि मग जागेवर उभारत. मधल्या मोकळ्या चौकटी कुडाच्या भिंतींनी भरत. भार सगळा सांगाड्यावर. कूड केवळ आडोशाला.

घर वाचले ते याच रचनेमुळे. नव्या पुलाकडे नेणाऱ्या रस्त्यासाठी सारी आळी पाडायची ठरली. 1942 च्या बॉम्बहल्ल्यात शहराचा मोठा भाग आधीच जळाला होता, त्यामुळे उरलेल्या जुन्या घरांचे मोल वाढले होते. रस्त्याने आपली वाट बदलली नाही. घरानेच जागा सोडली. बाहेरून लाकडांनी जखडून, जॅकने उचलून, खाली लोखंडी चाके बसवून सुमारे 21 टनांचे हे घर रुळांवरून चढण चढून वर आणले. नवी जागा जुन्या जागेपासून शंभर मीटरही दूर नाही. लोक आता त्याला ‘जागा बदललेले घर’ म्हणूनच ओळखतात.

हे काम कौतुकाचेच आहे. पण घराबरोबर शेजार आला नाही. वेशीच्या वाटेवरचा तो कोपरा, ज्याच्यासाठी दोन्ही बाजूंचे मजले पुढे काढले होते, तो आता नाही. वाडा उतरवून त्याचे कोरीव खांब दुसरीकडे उभे करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. सांगाडा उचलून नेता येतो, जागेचा इतिहास उचलता येत नाही. म्हणून घर हलवण्यापूर्वी निदान त्याची दिशा, शेजार आणि वाट यांची काटेकोर नोंद तरी करावी.