खाडाखोडीचे कर्तृत्व : वाईच्या कोशकार्याच्या निमित्ताने

मराठीत लेखनप्रक्रियेची चर्चा झाली ती बहुतांशी प्रतिभेच्या अंगाने. स्फुरण, अनुभूती, तादात्म्य, उत्कटता हे शब्द आपल्या समीक्षेत इतके रुळले, की लेखनाचा आराखडा, पुनर्लेखन, काटछाट आणि संपादन यांना त्या चर्चेत कारकुनी कामाहून अधिक प्रतिष्ठा मिळाली नाही. कवीने स्वतःच्या ओळीवर खाडाखोड केली तर तो कुतूहलाचा विषय होतो. गद्यलेखकाने केली तर ती त्याची खाजगी बाब ठरते, आणि त्याच्या लेखनावर दुसऱ्या कोणी केली तर ती बहुधा तक्रारीची बाब होते. या दृष्टीचा परिणाम आमच्या पदव्युत्तर वर्गांत रोज दिसतो. विद्यार्थी पहिला खर्डा हाच प्रबंध समजून आणून देतात आणि तो परत केला की आपल्या विचारावरच आक्षेप घेतला गेला असे त्यांना वाटते. दोष त्यांचा नाही. ज्या वाङ्मयेतिहासातून ते शिकतात, त्यात संस्कारित संहिता आहेत. संस्काराचा इतिहास मात्र नाही.

वास्तविक मराठी वाङ्मयाच्या मुळाशीच एक थोर संपादक उभा आहे. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ च्या सुमारास, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. हे कार्य आपण श्रद्धेने सांगतो, पण लेखनव्यवहाराच्या सिद्धान्तात त्याचे स्थान कोणते, हे विचारत नाही. प्रस्तुत निबंधात हाच प्रश्न विसाव्या शतकातील एका प्रकरणाच्या आधारे मांडावयाचा आहे. ते प्रकरण वाईचे आहे. कृष्णाकाठच्या या लहानशा गावात सुमारे शंभर वर्षे नियोजन, पुनर्लेखन आणि संपादन हेच मुख्य वाङ्मयीन कार्य होऊन राहिले. इतका दीर्घ आणि सलग प्रयोग मराठीत अन्यत्र क्वचितच सापडेल.

त्याचा आरंभ नारायणशास्त्री मराठे यांनी १९१६ साली स्थापन केलेल्या प्राज्ञपाठशाळेत झाला. नारायणशास्त्री पुढे संन्यास घेऊन केवलानंद सरस्वती झाले. त्यांचे शिष्य लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी १९२३ मध्ये कलकत्त्याची 'तर्कतीर्थ' पदवी मिळविली. गुरुशिष्यांच्या या परंपरेतून दोन मोठे संस्कृत कोश उभे राहिले : धर्मकोश आणि मीमांसाकोश. धर्मकोशाच्या व्यवहारकांडाचा पहिला भाग १९३७ मध्ये निघाला आणि १९४१ पर्यंत त्या कांडाचे तीन भाग प्रसिद्ध झाले. या ग्रंथात संपादकाचे असे 'लेखन' जवळजवळ नाही. वेदांपासून निबंधग्रंथांपर्यंत विखुरलेली वचने विषयवार एकत्र आणावयाची, एकाच विषयाखाली ती कालक्रमाने लावावयाची आणि पाठभेद तळाशी नोंदवावयाचे, असे त्याचे स्वरूप आहे. वचन दुसऱ्याचे, स्थान मात्र संपादकाने दिलेले; आणि अर्थ पुष्कळदा स्थानाने ठरतो. दायविभागाचे एखादे वचन कोणत्या वचनानंतर आणि कोणाच्या टीकेसह वाचावयाचे, हे ठरविणे म्हणजे धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणेच होय. धर्म हा कालानुसार बदलत आला, हा तर्कतीर्थांचा आवडता सिद्धान्त होता. 'वैदिक संस्कृतीचा विकास' (१९५१) या ग्रंथात तो विधानांच्या रूपाने येतो. धर्मकोशात त्याचे प्रतिपादन नाही. त्याचे काम तेथे मांडणीच करते.

मीमांसाकोशाचे सात खंड १९५२ ते १९६६ या काळात निघाले. केवलानंदांचे देहावसान १९५५ साली झाले. म्हणजे या कोशाचा मोठा भाग कर्त्याच्या पश्चात, दुसऱ्यांच्या हातांखालून वाचकांपर्यंत पोचला. ग्रंथावर नाव केवलानंदांचेच आहे आणि ते योग्यच आहे. परंतु येथे 'कर्ता' या पदाचा अर्थ आपण नेहमी घेतो तेवढा सोपा राहत नाही.

मीमांसेचा उल्लेख केवळ ग्रंथनामासाठी केलेला नाही. या शास्त्राचा व्यवसायच मुळी वाक्यांचा आहे. अनेक पदांचे मिळून एक वाक्य केव्हा होते, एका प्रकरणातील धर्म दुसऱ्या प्रकरणात केव्हा नेता येतो (त्यालाच 'अतिदेश' म्हणतात), परस्परविरोधी विधानांपैकी कोणते बाधित समजावे, एकच गोष्ट दोनदा सांगितली असेल तर दुसरे सांगणे व्यर्थ की सप्रयोजन, हे तिचे प्रश्न आहेत. जैमिनीला हे प्रश्न वेदवाक्यांच्या अर्थनिर्णयासाठी पडले. पण समोर एखाद्या प्राध्यापकाची नव्वद ओळींची नोंद ठेवून तीच प्रश्नावली चालविली, तर ती संपादनाची उत्तम कार्यपद्धती ठरते. हे वाक्य कोणती आकांक्षा पूर्ण करते? हा भाग येथे सांगावा की अन्यत्र सांगितलेल्याकडे बोट दाखवावे? ही पुनरुक्ती आहे की अनुवाद? जेथे हे शास्त्र दोन पिढ्या शिकविले गेले, त्याच गावात मराठी विश्वकोशाचे संपादन झाले, ही गोष्ट मला निव्वळ योगायोगाची वाटत नाही. अर्थात हे अनुमान आहे. विश्वकोशातील 'पहा' आणि बाणाची खूण या संदर्भयोजना आधुनिक कोशशास्त्रातूनच आलेल्या आहेत. परंतु तेच सूत्र अतिदेशाच्या रूपाने ज्यांनी तरुणपणीच आत्मसात केले होते, अशी माणसे ती योजना वापरत होती, हेही खरे.

१९६० मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झाले. तर्कतीर्थ त्याचे पहिले अध्यक्ष झाले आणि विश्वकोशाचे काम वाईला आले. या कामाच्या तारखा लक्षपूर्वक पाहाव्यात. १९६५ मध्ये परिचयग्रंथ, १९७३ मध्ये परिभाषासंग्रह आणि १९७६ मध्ये पहिला खंड, असा तो क्रम आहे. एकूण योजना वीस खंडांची होती. त्यांतील परिभाषासंग्रहाचा क्रमांक अठरावा. तरी तो सर्वांच्या आधी छापला गेला. म्हणजे वाक्ये लिहिण्यापूर्वी शब्द ठरले आणि शब्द ठरण्यापूर्वी नमुना ठरला. सोळा वर्षे हे काम चालले तेव्हा बाहेर 'कोश केव्हा?' असा प्रश्न विचारला जात होता, आणि तो अप्रस्तुत म्हणता येणार नाही. कारण वाचकांसमोर दुसरे उदाहरण होते. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड १९२० ते १९२७ या काळात बाहेर काढले होते.

केतकरांचा आणि वाईचा मार्ग यांतील अंतर केवळ वेगाचे नाही. केतकरांनी भागभांडवलाची कंपनी काढली, घरोघर फिरून वर्गणीदार मिळविले, आणि वर्णानुक्रमी नोंदींच्या आधी पाच प्रस्तावनाखंड लिहून जगाच्या इतिहासाविषयीची स्वतःची मते सविस्तर मांडली. पुढे या साऱ्या उद्योगाची हकीगत 'माझे बारा वर्षांचे काम' या नावाने सांगितली. शीर्षकातील 'माझे' हे पद बोलके आहे. ज्ञानकोशात केतकर दिसतात, भांडतात, घाई करतात. कोठे ढिले लिहितात, तर कोठे एकाच परिच्छेदात एखाद्या ग्रंथाचे बीज टाकून जातात. विश्वकोशात तर्कतीर्थ असे दिसत नाहीत. तेथे दिसते ते एक गद्य : मध्यम लांबीच्या वाक्यांचे, विशेषणांबाबत कृपण, व्याख्येपासून सुरू होऊन तपशिलाकडे जाणारे. पशुवैद्यक, रोमन कायदा, लावणी आणि बहुपदी, विषय कोणताही असो, ते गद्य फारसे बदलत नाही. लिहिणारे मात्र शेकडो होते आणि त्यांच्या स्वतंत्र लेखनाच्या शैली एकमेकींशी जुळणाऱ्या नव्हत्या. मग हे गद्य कोणी लिहिले?

नोंदीखाली लेखकाचे नाव असते. काही नोंदींखाली दोन नावे असतात आणि त्यांच्यापुढे कंसात 'इं.' व 'म.' अशी अक्षरे असतात. एकाने इंग्रजीत लिहिले आणि दुसऱ्याने मराठी केले, असा त्याचा अर्थ. ही एवढी प्रामाणिक नोंद आपल्या ग्रंथव्यवहारात विरळाच. परंतु या दोघांनंतर तिसरा एक हात असतो. तो नोंद मर्यादेत बसवितो, पारिभाषिक संज्ञा ठरलेल्या संग्रहाशी ताडून पाहतो, शेजारच्या नोंदीशी विरोध येत असेल तर तो काढतो, आणि लेखकाचे पाल्हाळ किंवा संकोच दोन्ही कमी करतो. हा हात अनामिक राहतो. खंडाच्या आरंभी संपादकवर्गाची नावे असतात हे खरे. पण कोणत्या वाक्यावर कोणाचा संस्कार झाला, हे त्यावरून कळत नाही. रा. ग. जाधवांसारखा समीक्षक १९७० ते १९८९ या काळात विश्वकोशाच्या मानव्यविद्या विभागात काम करीत होता. दलित साहित्याची समीक्षा लिहिणारे जाधव आपल्याला परिचित आहेत. त्याच वर्षांत दिवसभर इतरांची वाक्ये दुरुस्त करणाऱ्या जाधवांना त्यांच्या वाङ्मयीन कर्तृत्वाच्या हिशेबात आपण कोठे धरतो? माझ्या पाहण्यात तरी असा हिशेब कोणी मांडलेला नाही.

मिशेल फूको याने १९६९ मध्ये 'लेखक म्हणजे काय?' हा प्रश्न उपस्थित केला तेव्हा लेखकाचे नाव हे संहितांच्या व्यवहारातील एक कार्य आहे, असे दाखविले. आपल्याकडे या विचाराची चर्चा भरपूर झाली, पण बहुधा कादंबरी-कवितेच्या संदर्भात. नाव आणि लेखन यांतील फट सर्वांत स्पष्ट दिसते ती कोशात. अन्य भाषांत तिचा अभ्यासही झाला आहे. एलियटच्या 'द वेस्ट लँड'वर एझ्रा पाउंडने केलेली काटछाट १९७१ मध्ये हस्तलिखिताच्या प्रतिकृतीसह छापली गेली, तेव्हा आधुनिक कवितेच्या त्या मानदंडाचे कर्तृत्व विभागले गेले असल्याचे वाचकांना प्रत्यक्ष पाहता आले.

संपादन नेहमीच उपकारक असते, असा मात्र भ्रम नको. दिदेरोच्या 'आंसिक्लोपेदी'चा प्रकाशक ल ब्रतों याने राजसत्तेच्या आणि धर्मसत्तेच्या भीतीने शेवटच्या खंडांतील मजकूर गुपचूप छाटला. दिदेरोला ते १७६४ मध्ये कळले तेव्हा उपाय उरला नव्हता. छाटणारा हात तोच असतो. हेतू आणि अधिकार यांवरून त्याचा संस्कार होतो किंवा अपहार होतो. वाईच्या बाबतीत अपहाराचा आरोप करण्याचे कारण दिसत नाही. पण हानी झालीच नाही, असेही म्हणता येत नाही. समान गद्य मिळविताना लेखकाचा स्वर गेला. एखाद्या विषयात आयुष्य घालविलेल्या माणसाचा आग्रह, त्याचा पक्षपात, त्याचा एखादा विलक्षण दृष्टान्त यांना त्या मापाच्या वाक्यात जागा नव्हती. मराठीला शास्त्रीय निवेदनाचे स्थिर गद्य मिळाले, हा लाभ मी मोठा मानतो. केतकरी गद्यातून पाठ्यपुस्तक, परिभाषा, शासनव्यवहार यांना आधार मिळाला नसता. तो विश्वकोशी गद्याने दिला. परंतु त्या गद्याला मते नाहीत, आणि मराठी अभ्यासकाने त्यालाच 'संशोधनाची भाषा' मानले, याचे परिणाम आपल्या प्रबंधांत दिसतात.

दुसरी हानी काळाची. वर्णक्रमाने चालणाऱ्या कोशाचे नियोजन जितके काटेकोर, तितका तो काळापुढे असहाय होतो. 'अझरबैजान'सारखे नाव वर्णक्रमाने पहिल्याच खंडाच्या वाट्याला येते. तो खंड निघाल्यानंतर पंधरा वर्षांनी, १९९१ मध्ये, सोव्हिएट संघ विसर्जित झाला आणि शेवटच्या अक्षरांचे खंड तेव्हा व्हावयाचेच होते. एकाच कोशाची पहिली आणि शेवटची पाने अशी वेगवेगळ्या जगांत लिहिली गेली. १ डिसेंबर १९८० रोजी विश्वकोशासाठी स्वतंत्र मंडळ झाले. १९९४ मध्ये तर्कतीर्थांचे निधन झाल्यावर मे. पुं. रेगे अध्यक्ष झाले, त्यांच्यानंतर जाधव. आणि मूळ योजनेतले खंड पुरे व्हावयास २०१५ साल उजाडले. आराखडा करणारी पिढी आणि तो पुरा करणारी पिढी एक नव्हती. १९६५ च्या नमुन्याशी इमान राखावे की बदललेल्या ज्ञानाशी, हा पेच पुढच्या प्रत्येक संपादकासमोर होता. मीमांसकांच्या भाषेत सांगावयाचे तर उत्पत्तिवाक्य कायम ठेवून पुढील विधींची सोय लावण्यासारखे ते होते.

२०११ मध्ये विश्वकोश संकेतस्थळावर आला आणि पुढे विषयवार ज्ञानमंडळे स्थापून नोंदींच्या अद्ययावतीकरणाचे काम विद्यापीठे व संस्था यांच्याकडे वाटून देण्यात आले. आता संपादन एका गावात, एका छपराखाली होत नाही. दुरुस्ती कधीही करता येते, पण तिचा मागही उरत नाही. छापील खंडांत निदान दोन आवृत्त्या शेजारी ठेवून पाहता येतात. पडद्यावरच्या नोंदीत जुने वाक्य जाते ते कायमचेच. मात्र या नव्या नोंदींखाली एक गोष्ट जुन्या खंडांत नसलेली आढळते. लेखकाच्या नावाबरोबर 'समीक्षक' म्हणून आणखी एक नाव दिलेले असते. नोंद तपासणाऱ्याला पहिल्यांदाच नोंदीपाशी जागा मिळाली आहे. हा समीक्षक विषयाचा जाणकार असतो आणि मजकुराच्या अचूकतेची जबाबदारी तो घेतो. ज्याने वाक्य बांधले, दोन परिच्छेदांची अदलाबदल केली आणि लेखकाने तीनदा सांगितलेले एकदाच ठेवले, त्याचे नाव अजूनही तेथे नाही.