पाटी कुणाची, जागा कुणाची? वेब होस्टिंगच्या दरपत्रकामागचा इतिहास

#थ्रेड

१/१३
तालुक्याच्या गावातील एखादे सार्वजनिक ग्रंथालय आपल्या पोथ्यांची आणि जुन्या मासिकांची सूची संकेतस्थळावर ठेवण्याचे ठरवते. कार्यकारिणीपुढे दरपत्रक येते: मोफत, शेअर्ड, व्हीपीएस, क्लाउड. किमती कळतात, फरक कळत नाही. हे चार रकाने कुणी एका बैठकीत आखलेले नाहीत. ते एकावर एक साचलेले इतिहासाचे थर आहेत.

२/१३
आरंभी निवडीचा प्रश्नच नव्हता. १९९० च्या अखेरीस जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांच्या नेक्स्ट संगणकावर जगातील पहिले संकेतस्थळ सुरू झाले. हे यंत्र बंद करू नये, अशी लाल शाईतील चिठ्ठी त्यावर चिकटवलेली होती. होस्टिंग म्हणजे मुळात एवढेच: अखंड चालणारे एक यंत्र आणि ते चालू ठेवण्याची जबाबदारी घेणारे कुणीतरी.

३/१३
३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने वेबचे तंत्र सर्वांसाठी निःशुल्क खुले केले. त्याच वर्षी मोझॅक हा ब्राउझर आला आणि सामान्य माणसालाही स्वतःचे पान असावेसे वाटू लागले. मात्र चोवीस तास चालणारा संगणक आणि कायमची जोडणी विद्यापीठांना किंवा मोठ्या कंपन्यांनाच परवडत असे. भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांना इंटरनेट दिले, तेही टेलिफोनच्या तारेवरून. अशा जोडणीवर घरी सर्व्हर चालवणे अशक्यप्राय होते. जागा दुसऱ्याकडे घेणे भाग होते.

४/१३
पहिला थर: मोफत.
१९९४ मध्ये अमेरिकेत डेव्हिड बोनेट आणि जॉन रेझनर यांनी सुरू केलेली सेवा पुढे ‘जिओसिटीज’ या नावाने प्रसिद्ध झाली. तिने वेबवर वस्त्या वसवल्या. चित्रपटप्रेमींसाठी ‘हॉलिवूड’, संगणकवाल्यांसाठी ‘सिलिकॉन व्हॅली’, साहित्य-तत्त्वज्ञानासाठी ‘अथेन्स’. प्रत्येकाला वस्तीत एक घर क्रमांक मिळे. भाडे शून्य, जाहिराती मात्र कंपनीच्या.

५/१३
१९९९ मध्ये याहूने जिओसिटीज विकत घेतली. लगेचच आलेल्या नव्या अटींनुसार रहिवाशांच्या मजकुरावर कंपनीला व्यापक हक्क मिळणार होते. रहिवाशांनी बहिष्कार पुकारला, आणि अटी बदलाव्या लागल्या. दहा वर्षांनी, २६ ऑक्टोबर २००९ रोजी, कंपनीने अमेरिकेतील ही सेवाच बंद केली. ‘आर्काइव्ह टीम’च्या स्वयंसेवकांनी धावपळ करून शक्य तेवढी पाने उतरवून घेतली. उरलेली कायमची गेली.

६/१३
पानांइतकेच मोठे नुकसान पत्त्यांचे झाले. घर क्रमांक जिओसिटीजच्या नावाखाली होता. मजकूर दुसरीकडे हलवला, तरी जुना पत्ता बरोबर नेता येत नव्हता. ज्यांच्याकडे स्वतःचे डोमेन होते, ते यजमान बदलूनही त्याच पत्त्यावर राहू शकत. मोफत योजनेची खरी किंमत येथे दिसते.

७/१३
दुसरा थर: शेअर्ड.
त्या काळी ब्राउझर सर्व्हरकडे पान मागताना ‘अमुक संकेतस्थळाचे’ असे सांगतच नसे. त्यामुळे प्रत्येक डोमेनला सामान्यतः स्वतंत्र आयपी क्रमांक लागे, आणि हे क्रमांक मर्यादित होते. जानेवारी १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपी १.१ या नियमावलीने मागणीसोबत ‘होस्ट’चे नाव लिहिणे बंधनकारक केले. एका क्रमांकावर शेकडो संकेतस्थळे नांदू लागली, आणि स्वतःच्या नावाची पाटी स्वस्त झाली.

८/१३
ही व्यवस्था मुंबईच्या चाळीसारखी आहे. खोली स्वतंत्र, नळ सामाईक. शेजाऱ्याकडे लग्नकार्य निघाले की आपल्या बादलीला धार बारीक. सर्वजण एकाच वेळी पाणी भरणार नाहीत, या हिशोबावरच भाडे कमी राहते. म्हणून ‘अमर्याद’ असे लिहिलेल्या योजनेतही प्रोसेसरचा वापर किंवा फाइलींची संख्या यांवर बारीक अक्षरात मर्यादा असते.

९/१३
तिसरा थर: व्हीपीएस.
एका यंत्रात अनेक आभासी यंत्रे चालवण्याची कल्पना आयबीएमच्या १९६० च्या दशकातील मोठ्या संगणकांपर्यंत मागे जाते. १९९८ मध्ये स्थापन झालेली व्हीएमवेअर आणि २००३ मध्ये आलेले झेन यांनी ती साध्या सर्व्हरवर रुजवली. चाळीच्या जागी सदनिका आल्या: नळ आपला, चावी आपली. पण गळती झाली तर प्लंबरही आपणच. सुरक्षेची डागडुजी करणारा जाणकार नसेल, तर ही स्वतंत्रता महागात पडते.

१०/१३
चौथा थर: क्लाउड.
ऑगस्ट २००६ मध्ये अ‍ॅमेझॉनने ईसी२ ही सेवा चाचणी स्वरूपात आणली. दर होता तासाला दहा सेंट. जागेचे भाडे जाऊन विजेसारखा मीटर आला. अचानक गर्दी झाली तर क्षमता वाढवता येते, आणि बिलही वाढते. ठरावीक वार्षिक अनुदानावर चालणाऱ्या संस्थेने या दुसऱ्या वाक्यांशाकडे आधी पाहावे.

११/१३
‘क्लाउड’ म्हटले तरी यंत्रे जमिनीवरच असतात. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीचे एक डेटा सेंटर आगीत भस्मसात झाले. जीवितहानी झाली नाही. परंतु काही ग्राहकांच्या बॅकअपच्या प्रतीही त्याच आवारात होत्या, आणि मूळ दस्तऐवजासोबत त्याही जळाल्या. दप्तराची दुसरी प्रत दुसऱ्या गावी ठेवावी, हे अभिलेखागारांचे जुने शहाणपण येथेही तितकेच लागू पडते.

१२/१३
आता पुन्हा ग्रंथालयाकडे. दिवसाला मोजके वाचक येणाऱ्या सूचीसाठी शेअर्ड योजना पुरेशी आहे. मात्र सही करण्यापूर्वी चार गोष्टी पाहाव्यात. डोमेन संस्थेच्या नावावर आहे, की संकेतस्थळ बनवून देणाऱ्याच्या? सवलतीचे पहिले वर्ष संपल्यावर नूतनीकरणाचा दर काय? सर्व मजकूर उतरवून घेऊन दुसरीकडे नेता येतो का? आणि बॅकअपची एक प्रत ग्रंथालयाच्या स्वतःच्या कपाटात आहे का?

१३/१३
यांपैकी पहिला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. जमीन कसणारा एक आणि सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचे, यातून किती घरे उठली हे महाराष्ट्राला सांगावे लागत नाही. डोमेनही कायमचे विकत मिळत नाही. मुदतीत नूतनीकरण करावे लागते. तरीही नोंद आपल्या नावावर आणि प्रत आपल्या हाती असेल, तर यजमान बदलला, बुडाला किंवा जळाला तरी सूची पुन्हा त्याच पत्त्यावर उभी राहते. जिओसिटीजच्या रहिवाशांना नेमके हेच करता आले नाही.

(समाप्त)