शिल्पकार अध्यापक जॉन लॉकवुड किपलिंग

मुंबईतील महात्मा जोतिबा फुले मंडई, म्हणजेच जुने क्रॉफर्ड मार्केट. तिच्या प्रवेशद्वारावरील शिल्पपट्टीकडे मान वर करून पाहणारे थोडेच. तेथे राजेरजवाडे नाहीत. राबणारी साधी माणसे आहेत. ही शिल्पे जॉन लॉकवुड किपलिंग यांची.

सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या कलाशाळेत १८६५ साली ते वास्तुशिल्पाचे अध्यापक म्हणून रुजू झाले. त्याच वर्षी डिसेंबरात, कलाशाळेच्या आवारातच, त्यांचे पुत्र रुडयार्ड जन्मले. ‘जंगल बुक’मुळे पुढे पुत्राची कीर्ती जगभर पसरली आणि पित्याचे कार्य झाकोळले गेले.

ग्रीक मूर्तींच्या प्लास्टरच्या प्रतिकृती पाहून रेखाटन करणे, हाच त्या काळी कलाशिक्षणाचा राजमार्ग मानला जाई. लॉकवुड यांची दृष्टी मात्र येथील कुंभार, विणकर, सुतार यांच्याकडे वळली. १८७० ते १८७२ या काळात सरकारी कामगिरीवर हिंडून त्यांनी कारागिरांची रेखाचित्रे काढली. इंग्लंडच्या गिरण्यांचे कापड येथे आणून विणकराला देशोधडीला लावणाऱ्या राजवटीचीच ही कामगिरी होती, हेही विसरता येत नाही.

१८७५ साली ते लाहोरच्या मेयो कलाशाळेचे प्राचार्य झाले. तेथे सुतार घराण्यातील भाई राम सिंग हे त्यांचे विद्यार्थी. इंग्लंडमधील ऑस्बोर्न येथील राणीच्या दरबार दालनाची सजावट गुरुशिष्यांनी मिळून सिद्ध केली. पुढे राम सिंग त्याच कलाशाळेचे प्राचार्य झाले. गुरूला याहून मोठी दक्षिणा कोणती?

मुंबईच्या विद्यार्थ्यांच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. १८८८ साली पूर्ण झालेल्या व्हिक्टोरिया टर्मिनसवरील पानाफुलांचे, पशुपक्ष्यांचे कोरीवकाम याच कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचे. वास्तुकार स्टीव्हन्स यांचे नाव आजही घेतले जाते. कोरणाऱ्या हातांची नावे कोणाच्याही ओठी नाहीत.

म्हणूनच या स्मरणिकेत साठ वर्षांतील सर्व विद्यार्थ्यांची नावे छापावीत, केवळ गुणवंतांची नव्हे, असा आग्रह मी धरला. पाने वाढली, खर्चही वाढला. परंतु व्हाइटफील्डसारख्या बहुभाषिक वस्तीत ज्यांनी मायबोलीतून पहिले अक्षर गिरवले, त्या प्रत्येकाचा हात या वास्तूला लागला आहे. माजी विद्यार्थ्यांनी आपले नाव अवश्य शोधावे आणि शेजारच्या बाकावरील मित्राचेही.

— मुख्याध्यापिका