घरचं नाव, फिरता लॅपटॉप

भारतात इंटरनेट सर्वांसाठी खुलं झालं १५ ऑगस्ट १९९५ ला, व्हीएसएनएलकडून. डायल-अपवर प्रत्येक कॉलला नवा आयपी पत्ता! मग बाहेरून घरचं मशीन गाठायचं कसं? १९९७ च्या आरएफसी २१३६ ने डीएनएसमधला पत्ता चालता चालता बदलायची सोय केली. पुढे डायनडीएनएससारख्या फुकट सेवा आल्या (ती फुकट सेवा मे २०१४ मध्ये बंद झाली). एक छोटा प्रोग्रॅम पत्ता बदलला की कळवायचा, बस्स.

गंमत लॅपटॉपची. तो कर्जतहून खोपोली लोकलने माझ्याबरोबर फिरतो. घरच्याच नावाने प्रोग्रॅम त्याच्यावर चालू ठेवला, तर नाव खालापूरच्या एखाद्या हॉटेलकडे बोट दाखवणार आणि घरचे फोटो बेपत्ता! म्हणून घरचं नाव घरच्या राउटरने सांभाळावं, लॅपटॉपला वेगळं नाव द्यावं.

पण खरा घाव २०१२ चा. आरएफसी ६५९८ ने १००.६४.०.० पासूनचे सुमारे ४२ लाख पत्ते कंपन्यांच्या आतल्या वापरासाठी राखले. शेकडो गिऱ्हाईकं एकाच बाहेरच्या पत्त्यामागे. मग नाव अचूक असूनही दारापर्यंत कुणी पोचत नाही. मी आधी राउटरवरचा पत्ता बघतो, १००.६४ दिसला की प्रोग्रॅम बंद करून आयपीव्ही६ मिळतंय का ते शोधतो.